डिझेलचा काटा आणि चेसिसवरचा बोल्ट

मालवाहू पिकअपच्या डॅशबोर्डवर जे काटे असतात, त्यांपैकी डिझेलच्या काट्याशी रोजचा व्यवहार सर्वांत घट्ट जोडलेला असतो. वेगाचा काटा थोडा पुढेमागे झाला तरी भाडे अडत नाही. परंतु डिझेलचा काटा बिघडला की किती रुपयांचे डिझेल भरायचे, कोणत्या पंपावर भरायचे, पहाटेच्या वेळी सोलापूरबाहेर लांबोटीजवळचा सीना नदीवरचा पूल ओलांडल्यावर गाडी मोहोळपर्यंत पोहोचेल की नाही, असे सगळेच निर्णय अंदाजावर सोडावे लागतात. त्याहून गंभीर बाब अशी की काटा चुकतो आहे हे लक्षात येण्याआधी टाकीतले डिझेल कमी झाले असे मानले जाते, आणि तसे मानले की पहिला संशय चालकावर जातो. वाहतुकीच्या धंद्यात मालक आणि चालक यांचे जुने संबंध एवढ्या एका कारणावरून तुटलेले मी पाहिले आहेत. म्हणून आमच्या पिकअपच्या काट्यातला बिघाड कसा शोधला आणि कसा दूर केला, ते येथे सविस्तर लिहितो.

ही पिकअप जुन्या बांधणीची, डिझेलवर चालणारी आहे. वर्षातला बराच काळ ती अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून चादरी आणि टॉवेलचे गठ्ठे ट्रान्सपोर्टच्या गोदामांपर्यंत पोहोचवते, आणि डिसेंबर-जानेवारीत कांद्याची आवक वाढली की मोहोळ आणि उत्तर सोलापूर तालुक्यांतल्या गावांतून बाजार समितीच्या आवारात कांदा आणते. चादरींची वाहतूक दिवसा होते; कांदा मात्र लिलावाच्या आधी आवारात उतरवायचा असल्यामुळे गाडी अंधारातच निघते. हा तपशील मुद्दाम नोंदवतो, कारण बिघाडाचे मूळ त्यातूनच सापडले.

कांद्याचा हंगाम सुरू झाल्यावर आमचे चालकमामा सांगू लागले की रात्री काटा पाव टाकीपर्यंत उतरतो आणि उजाडल्यावर पुन्हा वर येतो. "मालक, डिझेल रात्री आटतंय आणि सकाळी परत भरतंय, असं कुठं असतंय का ओ?" असे त्यांनी विचारले, आणि माझ्या मते संपूर्ण तपासातले सर्वांत उपयोगी निरीक्षण तेच होते. त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. ब्रेक दाबला की काटा खाली झुकतो. आणि टाकी खरोखरच पावच्या खाली गेली की काटा मधूनच एकदम रिकाम्याच्या खुणेवर पडतो व गाडी खड्ड्यातून गेली की पुन्हा उठतो. ओळखीच्या एक-दोन मालकांनी हे ऐकून चालकावरच लक्ष ठेवण्याचा सल्ला दिला. तो सल्ला मला पटला नाही, परंतु नुसता विश्वास हाही पुरावा नव्हे, हे मला मान्य होते. म्हणून काट्याला हात लावण्याआधी काट्याशिवाय डिझेलचा हिशेब करून पाहिला.

त्यासाठी टाकी ते टाकी ही जुनी पद्धत पुरेशी आहे. एकाच पंपावर, गाडी त्याच जागी सपाट उभी करून, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची आणि किलोमीटरचा आकडा लिहून ठेवायचा. पुन्हा टाकी भरताना किती लिटर बसले ते पाहायचे आणि मधल्या किलोमीटरला त्याने भागायचे. पंपाच्या मापाविषयी शंका असेल, तर प्रत्येक पंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप ठेवलेले असते आणि ग्राहक त्यात मोजून मागू शकतो. आमच्या गाडीचे अॅव्हरेज रात्रीच्या फेऱ्यांत आणि दिवसाच्या फेऱ्यांत जवळजवळ सारखेच निघाले, आणि मागच्या वर्षीच्या पावत्यांवरून काढलेल्या अॅव्हरेजशीही ते जुळले. याचा अर्थ एवढाच होता की डिझेल कुठेही जात नव्हते आणि दोष मोजणाऱ्या यंत्रणेत होता. ज्या मालकांना चालकाविषयी शंका येते, त्यांनी माणसाला काही विचारण्याआधी हा हिशेब करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्याला एका वहीपलीकडे काहीही लागत नाही.

आता यंत्रणा कशी असते ते पाहू. टाकीच्या वरच्या बाजूला झाकणासारखी एक चकती बसवलेली असते, आणि तिला आतून एक दांडी लोंबते. दांडीच्या टोकाला तरंगणारा फ्लोट असतो. डिझेलची पातळी खालीवर झाली की फ्लोटबरोबर दांडी फिरते, आणि दांडीच्या दुसऱ्या टोकाची बारीक धातूची पत्ती एका रोधपट्टीवरून, म्हणजे विजेच्या प्रवाहाला अडवणाऱ्या पट्टीवरून, सरकते. या संपूर्ण भागाला गॅरेजमध्ये टँक युनिट किंवा नुसते फ्लोट म्हणतात. रोधपट्टी ही पूर्वी विद्युतरोधक तुकड्यावर गुंडाळलेल्या बारीक तारेची असे. आता बहुधा सिरॅमिकच्या पट्टीवर छापलेल्या धातुमिश्रित थराची असते. मीटरमधून, म्हणजे डॅशबोर्डवर काटा फिरवणाऱ्या यंत्रातून, निघालेली तार या पट्टीतून जाते आणि पुढे चेसिसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला मिळते; प्रवाहाच्या या परतीच्या जोडणीला 'अर्थ' (अर्थिंग) म्हणतात. पट्टीचा जेवढा भाग वाटेत येईल तेवढा रोध वाढतो, त्यानुसार मीटरमधून जाणारा प्रवाह बदलतो आणि काटा हलतो.

रोध ओहममध्ये मोजतात, आणि त्याचे आकडे सगळ्या गाड्यांत सारखे नसतात, हे येथेच सांगून ठेवणे आवश्यक आहे. काही अमेरिकी गाड्यांत रिकाम्या टाकीला शून्य आणि भरलेल्या टाकीला ९० ओहम असतात. युरोपात प्रचलित असलेल्या एका मापात रिकाम्याला १० आणि भरलेल्याला १८० ओहम. दुसऱ्या एका मापात रिकाम्याला २४० आणि भरलेल्याला ३३. जपानी पद्धतीच्या बऱ्याच गाड्यांत रिकाम्या टाकीचा रोध जास्त आणि भरलेल्या टाकीचा अगदी थोडा असतो. आमच्या गाडीचे युनिट या शेवटच्या प्रकारचे आहे: रिकाम्या टाकीला १०० ओहमच्या वर आणि भरलेल्या टाकीला १० ओहमच्या आत. म्हणजे आमच्या गाडीत वाटेत कुठेही जादा रोध आला, तर काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवणार. उलट्या मापाच्या गाडीत तोच दोष काट्याला वर ढकलेल. त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीवरचा अनुभव आपल्या गाडीला लावण्याआधी आपले युनिट कोणत्या दिशेचे आहे, हे पाहून घ्यावे लागते.

तपासाची सुरुवात डॅशबोर्डपासून केली, कारण तिथे काही उघडावे लागत नाही. इंजिनच्या तापमानाचा काटा योग्य दाखवत होता. जुन्या बांधणीच्या पुष्कळ गाड्यांत डिझेलचा आणि तापमानाचा असे दोन्ही काटे एकाच फ्यूजवर, आणि काहींमध्ये एकाच व्होल्टेज स्टॅबिलायझरवर चालतात. दोन्ही काटे एकाच वेळी चुकू लागले तर फ्यूज, स्टॅबिलायझर किंवा मीटरची स्वतःची अर्थ यांपैकी कशाततरी दोष असतो. एकच काटा चुकत असेल, तर हा सगळा भाग बहुतेक निर्दोष धरता येतो. आमच्या बाबतीत शोध तिथून मागे, टाकीकडे सरकला.

त्यानंतर टाकीजवळचा कपलर, म्हणजे तारा जोडणारा प्लग, काढला. आमची टाकी हौद्याखाली, चेसिसच्या बाजूला लोखंडी पट्ट्यांनी टांगलेली आहे, आणि युनिटच्या तारांचा कपलर तिच्या वरच्या कडेला हात घालून निघतो. कपलर सुटा केल्यावर इग्निशन चालू केले, तर काटा रिकाम्यावर गेला. मग मीटरकडून येणारी तार एका लहान बल्बमधून चेसिसला टेकवली, तर काटा हळूहळू भरलेल्याच्या दिशेने चढला. तार थेट चेसिसला न टेकवता मध्ये तीन-चार वॅटचा बल्ब ठेवावा, म्हणजे मीटरच्या गुंडाळीतून अवाजवी प्रवाह जात नाही. या दोन चाचण्यांनी मीटर निर्दोष आहे आणि मीटरपासून टाकीपर्यंतची तारही अखंड आहे, हे सिद्ध झाले. नवा मीटर घेण्याचा खर्च युनिटच्या कित्येक पट असतो, आणि काटा चुकतो म्हणून आधी मीटरच बदलून टाकण्याची घाई मी अनेक गाड्यांवर पाहिली आहे. दहा मिनिटांच्या या चाचणीने तो खर्च टळतो.

आता उरले दोनच भाग: टाकीतले युनिट आणि त्याची अर्थ. येथे मामांचे निरीक्षण निर्णायक ठरले. रात्री आणि दिवसात फरक कोणता? रात्री दिवे लागलेले असतात. ब्रेक दाबला की काय होते? ब्रेकचे दिवे लागतात. मागचे दिवे आणि डिझेलचा काटा यांचा एकमेकांशी संबंध असण्याचे कारण नाही. अपवाद एकच, तो म्हणजे दोघांचा परतीचा रस्ता एक असेल तर. आमच्या गाडीत टाकीच्या युनिटची अर्थ आणि मागच्या दिव्यांची अर्थ चेसिसवरच्या एकाच बोल्टला बांधलेली आहे.

ओळखीचे एक वायरमन अण्णा जुन्या विजापूर नाक्याकडे बसतात. त्यांच्याकडे गाडी नेली आणि माझा अंदाज सांगितला. त्यांनी मल्टीमीटरने, म्हणजे रोध आणि व्होल्ट मोजण्याच्या उपकरणाने, त्या बोल्टपासून चेसिसपर्यंतचा रोध मोजून दाखवला. तो जवळजवळ शून्य दिसत होता. येथे बरेच जण थांबतात आणि अर्थ चांगली आहे असे म्हणून युनिट बदलायला घेतात. साध्या मल्टीमीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध अर्ध्या ओहमच्या आसपास असू शकतो, आणि मोजताना तो अगदी थोडा प्रवाह सोडतो. त्यामुळे गंजलेल्या जोडातला एखादा ओहम त्यावर सहज निसटून जातो. खरी परीक्षा प्रवाह चालू असताना करावी लागते. मल्टीमीटर व्होल्टवर ठेवून एक टोक टाकीच्या अर्थच्या तारेला आणि दुसरे टोक थेट बॅटरीच्या ऋण टोकाला लावायचे, आणि इग्निशन चालू करायचे. निरोगी जोडात हा आकडा एका व्होल्टच्या दहाव्या भागाच्याही आत राहायला हवा.

दिवे बंद असताना आमच्या गाडीत तो जेमतेम तेवढा होता. अण्णांनी पार्किंगचे दिवे लावले, तर एका व्होल्टच्या पुढे गेला. मामांनी ब्रेक दाबला, तर अडीच व्होल्टच्या वर. त्याच क्षणी डॅशबोर्डवरचा काटा खाली आला, हे आम्ही तिघांनीही पाहिले.

याचे गणित सरळ आहे. त्या बोल्टच्या जोडात सुमारे एक ओहम रोध तयार झाला होता. दिवे बंद असताना त्यातून फक्त मीटरचा अल्पसा प्रवाह जात असल्यामुळे काट्यावर परिणाम जवळजवळ दिसत नव्हता. मागचे लहान दिवे लागले की त्याच जोडातून एखादा अँपिअर जाऊ लागे आणि युनिटची अर्थ एका व्होल्टने वर उचलली जाई. ब्रेकच्या २१ वॅटच्या दोन बल्बांनी तर तो प्रवाह आणखी वाढे. मीटरच्या दृष्टीने ही परिस्थिती टाकीत डिझेल कमी असल्यासारखीच असते. मागचे दिवे थोडे मंद पेटतात हे मामांनाही जाणवले होते, पण काचांवरच्या धुळीमुळे तसे होत असेल असे त्यांना वाटले होते. एका कांद्याच्या ओल्या खेपेनंतर हौद्याच्या फटींतून चेसिसवर किती पाणी ठिबकते, आणि त्यावर काळ्या मातीची धूळ बसून कसा थर तयार होतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्या बोल्टची अवस्था सांगावी लागणार नाही.

बोल्ट काढल्यावर वॉशरखाली तपकिरी भुकटी निघाली आणि तारेच्या टोकाची थिंबल, म्हणजे बोल्टखाली बसणारी धातूची कडी, हिरवट पडलेली दिसली. दुरुस्ती करताना केवळ बोल्ट घासून पुन्हा आवळणे पुरेसे नसते. तारेचा काळा पडलेला भाग कापून चकचकीत तांबे दिसेपर्यंत मागे जावे लागते, नवी थिंबल पक्कडीने दाबून बसवावी लागते, चेसिसवरचा रंग आणि गंज धातू उघडा पडेपर्यंत काढावा लागतो, मध्ये दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा लागतो आणि हे सगळे झाल्यावर वरून ग्रीसचा थर द्यावा लागतो. ग्रीस आधी लावू नये, कारण जोड धातूला धातू भिडूनच झाला पाहिजे. अण्णांच्या सूचनेवरून आणखी एक गोष्ट केली: युनिटची अर्थ दिव्यांच्या बोल्टवरून काढून तिला स्वतंत्र तार दिली आणि ती केबिनजवळच्या मुख्य अर्थला नेऊन जोडली. ही सुधारणा कोणत्याही जुन्या पिकअपवर करण्यासारखी आहे, असे माझे मत झाले आहे. तार काही रुपयांची असते, आणि दिव्यांच्या जोडात पुढे कधी गंज चढला तरी काटा त्यापासून मुक्त राहतो.

त्यानंतर दिवे लावले, ब्रेक दाबला, इंडिकेटर सुरू केले, तरी काटा जागचा हलला नाही. रात्री उतरून सकाळी चढणारे डिझेल त्या दिवसापासून थांबले.

परंतु मामांची तिसरी तक्रार शिल्लक होती. टाकी पावच्या खाली गेली की काटा अजूनही मधूनच रिकाम्यावर पडत होता. हा दोष दिव्यांशी संबंधित नव्हता, खड्ड्यांशी होता, आणि तो टाकीच्या एका ठरावीक पातळीलाच येत होता. एका ठरावीक पातळीला येणारा दोष बहुधा रोधपट्टीचा असतो. अर्थचा दोष पातळी पाहत नाही. हे दोन दोष एकाच वेळी असल्यामुळे आधी त्यांचे चित्र एकमेकांत मिसळले होते. पहिला निघाल्यावरच दुसरा स्वच्छ दिसला.

युनिट बाहेर काढण्याआधी एका धोक्याविषयी लिहिणे माझे कर्तव्य आहे. डिझेल पेट्रोलसारखे भडकत नाही, हा समज आपल्याकडे सर्वत्र आहे. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, त्या तुलनेत डिझेल सुरक्षित आहे हे खरे. पण भारतीय मानकानुसार डिझेलचा ज्वलनांक, म्हणजे ठिणगीने त्याची वाफ पेट घेऊ शकेल ते सर्वांत कमी तापमान, किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो, म्हणजे ३५ अंशांच्या थोड्या वर पेट घेणारे डिझेलही मानकात बसते. सोलापुरात मार्च ते मे या काळात दुपारचे तापमान ४० अंशांच्या पुढे जाते आणि उन्हात उभ्या गाडीची टाकी त्याहून तापते. म्हणून हे काम पहाटे किंवा सावलीत करावे, बॅटरीचे ऋण टोक आधी सोडावे, जवळपास बिडी-सिगारेट, ग्राइंडर किंवा वेल्डिंग चालू नसावे, आणि चकतीचे कडे ठोकून फिरवायचे असेल तर लोखंडी छिन्नीऐवजी पितळेचा तुकडा वापरावा. गाडी जॅकवर उचललीच तर तिच्याखाली लाकडी ठोकळे किंवा स्टँड दिल्याशिवाय आत शिरू नये.

टाकी जेवढी रिकामी असेल तेवढे काम सोपे होते. चकतीभोवतीची माती आधी ब्रशने आणि हवेने पूर्ण साफ केली, कारण स्क्रू सैल होताच ती सगळी टाकीत पडते आणि पुढे फिल्टरमध्ये अडकते. डिझेलच्या नळ्या काढण्याआधी कोणती जाणारी आणि कोणती परतीची, त्यांवर खुणा केल्या. पाच स्क्रूंच्या चकतीत छिद्रांमधले अंतर बहुधा सारखे ठेवलेले नसते. चकती एकाच दिशेने बसावी, म्हणजे दांडी टाकीच्या भिंतीला घासणार नाही, हा त्यामागचा हेतू असतो. म्हणून छिद्रे जुळत नाहीत असे वाटले, तर जोर लावण्याऐवजी चकती फिरवून पाहावी.

बाहेर काढलेले युनिट पुसून टेबलावर ठेवले आणि त्याच्या दोन टोकांना काट्याचा जुना मल्टीमीटर लावला. या कामाला आकड्यांच्या मल्टीमीटरपेक्षा काट्याचा बरा, कारण क्षणभर तुटणारा संपर्क आकड्यांत निसटून जातो, काट्यात मात्र झटका दिसतो. दांडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी सावकाश फिरवली. भरलेल्या बाजूपासून मध्यापर्यंत काटा एकसारखा सरकला. पावच्या खाली आल्यावर तो अनंताकडे उडाला, मग परतला, पुन्हा उडाला. भिंग घेऊन पाहिले, तर तेवढ्याच भागात पट्टीवरचा थर झिजून खालचे सिरॅमिक उघडे पडले होते. बाकीची पट्टी चांगली होती.

तेवढाच भाग का झिजावा, याचे उत्तर मला आमच्या डिझेल भरण्याच्या पद्धतीत दिसते. भाड्याच्या पिकअपमध्ये टाकी क्वचितच पूर्ण भरली जाते. भाड्याचे पैसे हातात आले की पाचशे-हजारांचे डिझेल टाकायचे, अशीच रीत आहे. त्यामुळे फ्लोट वर्षानुवर्षे टाकीच्या तळाच्या पट्ट्यातच हिंदकळत राहतो आणि पत्ती पट्टीच्या त्याच चिंचोळ्या भागावर लाखो वेळा पुढेमागे घासते. टाकी अर्धी असताना डिझेलचा भार हिंदकळणे थोडे आवरतो. तळाशी थोडेच डिझेल असले की ते एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत मोकळे धावते. गाडी सदैव पाव टाकीवर चालवण्याचे इतर तोटेही आहेत. तळाचा गाळ आणि पाणी फिल्टरकडे ओढले जाते; चढावर किंवा वळणावर नळीत हवा शिरते, आणि एकदा हवा धरली की हातपंप दाबून ती काढेपर्यंत गाडी जागची हलत नाही. नव्या कॉमन रेल, म्हणजे उच्च दाबाने डिझेल फवारणाऱ्या, इंजिनांत उच्चदाबाच्या पंपाचे वंगणही डिझेलच करते. त्या पंपाला कोरडे फिरवणे फार महाग पडते. या घटनेनंतर आम्ही निदान अर्ध्या टाकीच्या वर राहण्याचा नियम केला आहे.

झिजलेल्या पट्टीवर दोन उपाय असतात. पत्तीचे टोक किंचित वाकवून ती पट्टीच्या न झिजलेल्या कडेवरून सरकेल असे करता येते. अण्णांनी तसे करून दाखवले आणि झटके खरोखर थांबले. संपर्क नुसता काळवंडला असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने आणि मऊ कापडाने तो साफ होतो. छापील थराच्या पट्टीवर पॉलिश पेपर मात्र कधीही घासू नये, कारण थर अतिशय पातळ असतो. परंतु पत्ती वाकवणे हा काही काळाचा उपाय आहे, आणि टाकी पुन्हा उघडण्याचा त्रास लक्षात घेता मी नवे युनिट घेणे पसंत केले.

नवे युनिट घेताना दुकानात जुने सोबत नेले आणि तिथेच मल्टीमीटर लावून दोन्हींची तुलना केली. एकाच गाडीच्या वेगवेगळ्या वर्षांच्या आवृत्त्यांत टाकीची खोली, दांडीची लांबी आणि रोधाचे माप वेगळे असू शकते. चकती तंतोतंत बसली म्हणून काटा बरोबर चालेल, असे होत नाही. दुकानदाराने दिलेले पहिले युनिट दिसायला तसेच होते, पण त्याची दांडी आखूड होती. दुसरे जुळले. घरी आणल्यावर फ्लोट कानाजवळ हलवून आत द्रव नाही याची खात्री केली, नवे गॅस्केट लावले आणि स्क्रू समोरासमोर थोडेथोडे आवळत आणले. गॅस्केट जुनेच ठेवले तर टाकी भरल्यावर वरून डिझेल पाझरते आणि त्यावर धूळ बसते. त्या बचतीत काही अर्थ नाही.

बसवल्यानंतरचे काम बहुतेक गॅरेजमध्ये केले जात नाही, पण मला ते तितकेच महत्त्वाचे वाटते. काटा हलतो आहे एवढ्यावर न थांबता तो किती लिटरला कुठे असतो, हे नोंदवायला हवे. गाडी पंपावर सपाट उभी करून पाच-पाच लिटरच्या टप्प्यांनी डिझेल भरून घेतले, आणि प्रत्येक टप्प्यानंतर काटा स्थिर होण्याइतके थांबून त्याची जागा एका पुठ्ठ्यावर काढली. पंपावरच्या मुलाने हे न कंटाळता करू दिले, त्याबद्दल त्याचे आभार मानतो. त्या नोंदीतून असे दिसले की काट्याचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्यापेक्षा सावकाश उतरतो, म्हणजे अर्ध्या खुणेवर टाकीत प्रत्यक्षात अर्ध्यापेक्षा कमी डिझेल असते. टाकीचा आकार सरळ चौकोनी नसतो आणि फ्लोटची दांडी कमानीत फिरते, त्यामुळे असे घडते. तो बिघाड नव्हे. रिकाम्याच्या खुणेखाली किती लिटर शिल्लक राहतात, तेही त्या पुठ्ठ्यावर लिहिले आहे, आणि पुठ्ठा मामांनी समोरच्या सनव्हायझरला अडकवून ठेवला आहे.

डिझेल संपत आल्याची सूचना देणाऱ्या पिवळ्या दिव्याविषयीही दोन शब्द. जुन्या बांधणीच्या पुष्कळ युनिटांत तळाशी एक लहान थर्मिस्टर, म्हणजे तापमानानुसार रोध बदलणारा भाग, असतो. डिझेलमध्ये बुडालेला असेपर्यंत तो थंड राहतो. उघडा पडला की स्वतःच्या प्रवाहाने तापतो, त्याचा रोध घटतो आणि दिवा लागतो. म्हणून तो दिवा काट्यापासून स्वतंत्र असतो, थोडा उशिरा लागतो, आणि काटा बिघडलेला असतानाही त्याच्यावर विसंबता येते.

ज्यांच्याकडे २०२० नंतरच्या बीएस ६ या प्रदूषण मानकाच्या गाड्या आहेत, त्यांना यातले काही टप्पे बदलावे लागतील. त्यांतल्या अनेक गाड्यांत युनिटचा रोध आधी एखादा संगणक मोजतो, हिंदकळण्याचा परिणाम सरासरीने काढून टाकतो आणि मग लहान मोटरने काटा फिरवतो. तिथे तार चेसिसला टेकवल्यावर काटा लगेच हलेलच असे नाही, आणि ते न हलणे म्हणजे मीटर खराब आहे असेही नाही. अशा गाडीला स्कॅनर लावून पी ०४६० ते पी ०४६४ या मालिकेतला बिघाडाचा कोड आहे का ते पाहावे: पी ०४६२ म्हणजे पातळीच्या सेन्सरकडून मर्यादेपेक्षा कमी संकेत, पी ०४६३ म्हणजे जास्त, आणि पी ०४६४ म्हणजे अधूनमधून तुटणारा संकेत. मात्र कोड पाहून थेट युनिट मागवू नये. कोड संकेत चुकल्याचे सांगतो. तो युनिटमुळे चुकला, कपलरमुळे की अर्थमुळे, हे स्कॅनर सांगू शकत नाही. त्या गाडीतही टाकीच्या अर्थपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत, दिवे आणि ब्रेक चालू ठेवून, व्होल्ट मोजावेच लागतात.

पावसाळा संपल्यावर ती मोजणी आम्ही पुन्हा केली. युनिटच्या स्वतंत्र अर्थवर ब्रेक दाबूनही नाव घेण्यासारखे व्होल्ट दिसले नाहीत. दिव्यांच्या बोल्टवर मात्र ते किंचित वाढलेले होते, म्हणून कांद्याची पहिली खेप भरण्याआधी तो बोल्ट उघडून साफ केला आणि नव्याने ग्रीस लावून आवळला. दर वर्षी दिवाळीच्या सुमारास ही तपासणी करायची, असे मामांनी आणि मी ठरवले आहे, आणि मल्टीमीटर आता गाडीतच ठेवला जातो.